वायफाय सारखं तुटतंय? कार्ड बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

घरच्या कॉम्प्युटरचं वायफाय मधूनच जायला लागलं की सल्ले दोनच मिळतात. एक म्हणतो फॉरमॅट मार, दुसरा म्हणतो नवीन वायफाय कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला वायफाय पकडणारा भाग, टाक. ही तक्रार मी इतक्या मशीनवर निस्तरली आहे की आता या दोन्ही सल्ल्यांना आधी थांबवतो. कार्ड खरोखर मेलेलं फार क्वचित निघतं. तुटतंय कुठे हे एकदा कळलं की अर्धं काम झालं, आणि ते कळायला एक पैसाही लागत नाही.

लक्षणं

खालीलपैकी तुमचं कोणतं ते आधी ठरवा. एकापेक्षा जास्त असतील तर तेही लिहून ठेवा.

- नेट दर थोड्या वेळाने जातं आणि काही न करता परत येतं.
- स्लीपमधून जागं केलं की वायफाय नसतं, रीस्टार्ट केल्यावर येतं.
- वायफायचं चिन्हच नाहीसं होतं. सेटिंग्जमध्ये चालू-बंद करायचं बटणही दिसत नाही.
- कनेक्टेड दिसतं, रेंजही पूर्ण, पण पान उघडत नाही.
- आजूबाजूची सगळी नेटवर्क दिसतात, फक्त आपलं दिसत नाही.
- पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावली, किंवा ब्लूटूथ हेडफोन जोडले, की वेग कोसळतो.

यातलं तिसरं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. तिथे नेटवर्क तुटलेलं नसतं, कॉम्प्युटरला कार्डच सापडेनासं झालेलं असतं. बाकीच्या बहुतेक तक्रारींमध्ये कार्ड जागेवर असतं आणि त्याचं राउटरशी किंवा राउटरचं बाहेरच्या जगाशी जमत नसतं. म्हणजे जोड तीन आहेत: कॉम्प्युटर ते कार्ड, कार्ड ते राउटर, राउटर ते इंटरनेट. पहिल्या काही तपासण्या यातला कच्चा जोड कोणता ते सांगण्यासाठीच आहेत.

१. फोन कॉम्प्युटरच्या जागी ठेवून बघा

"माझ्या फोनवर तर मस्त चालतं" हे वाक्य मी पुराव्यात धरत नाही, कारण फोन हातात असतो आणि कॉम्प्युटर टेबलाखाली भिंतीला चिकटून. फोन खरोखर कॅबिनेटच्या मागे नेऊन ठेवा, मोबाइल डेटा बंद करा, आणि दोघांचंही वायफाय एकाच नावाच्या नेटवर्कवर असल्याची खात्री करा. कॉम्प्युटरचं नेट जातं त्याच क्षणी फोनचंही जात असेल तर कार्ड सोडा, राउटरकडे वळा. फोन चालू राहिला तर पुढे चला.

२. दोन पिंग शेजारी शेजारी

माझ्या मते या सगळ्या प्रकारातली ही सर्वांत कामाची तपासणी. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का आणि किती वेळात येतं ते बघणं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा आणि "डिफॉल्ट गेटवे" समोरचा आकडा टिपून घ्या. तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत ping लिहून पुढे हा पत्ता द्या, दुसरीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. दोन्हींच्या शेवटी हायफन आणि टी (-t) लिहिलं की पिंग थांबवेपर्यंत चालू राहतं. थांबवायला कंट्रोल आणि सी. राउटरचा पिंग पहिल्यापासूनच निरुत्तर असेल तर घाबरू नका, काही राउटरांत उत्तर देणं बंद केलेलं असतं. ते राउटरच्या सेटिंगमधून चालू करता येतं.

दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून नेहमीचं काम करत राहा. नेट गेलं की त्यांच्याकडे बघा.

फक्त बाहेरचा पिंग थांबला आणि राउटरचा चालू राहिला, तर तुमच्या कार्डाचा काही संबंध नाही. ही तक्रार नेट पुरवणाऱ्याकडे न्या. दोन्ही एकदम थांबले तर दोष कार्ड आणि राउटर यांच्यामध्ये आहे. तिसरी शक्यता लोकांच्या नजरेतून सुटते: पिंग थांबत नाही, पण राउटरचं उत्तर एकदा २ मिलिसेकंदांत येतं, मग ८०० मध्ये, मग पुन्हा ३ मध्ये. राउटर घरातच आहे, त्याला इतका उशीर व्हायचं कारण नाही. असे हेलकावे दिसले की संशय तिघांवर घ्यायचा: कमकुवत सिग्नल, हवेतली गर्दी, किंवा कार्डाची वीज वाचवण्याची सवय.

३. अँटेना

डेस्कटॉपवाल्यांनी इथे थांबून कॅबिनेटच्या मागे हात घालावा. मदरबोर्डवरच वायफाय असलेल्या मशीनसोबत अँटेना वेगळ्या पुडीत येतात आणि त्या खोक्यातच राहून जातात. अँटेनाशिवायही कार्ड जवळचं नेटवर्क पकडतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. राउटर त्याच खोलीत असेपर्यंत सगळं बरं चालतं. राउटर पलीकडच्या खोलीत हलवला की "कार्ड खराब झालं" अशी तक्रार सुरू होते.

अँटेना लावलेल्या असतील तर त्या बोटांनी घट्ट फिरवा. पक्कड लावू नका, आतलं सॉकेट उखडतं. दोन असतील तर एक उभी, एक थोडी तिरकी ठेवा. कॅबिनेट लोखंडी असतं आणि अँटेना नेमक्या त्याच्या पाठीमागे, म्हणजे राउटर समोरच्या बाजूला असला तर मध्ये पत्र्याची भिंतच उभी राहते. वायर असलेली, टेबलावर ठेवता येणारी अँटेना मिळते. तिने जो फरक पडतो तो महागड्या कार्डाने पडत नाही. कॅबिनेट नुसतं वळवून ठेवल्यानेही कधी कधी भागतं.

सिग्नल मोजायचा असेल तर फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारचं अॅप टाका. आकडा डीबीएममध्ये आणि उणे येतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ७५ च्या पुढे गेलात तर कार्डाकडून अपेक्षा ठेवू नका.

४. मशीनमधली वीज पूर्ण काढून टाका

चिन्हच गायब होणाऱ्यांसाठी ही पहिली खरी दुरुस्ती आहे. विंडोजमध्ये "शट डाउन" म्हणजे पूर्ण बंद, असं आपण समजतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर तसं होत नाही. सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर (कार्डासारखे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) यांची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. अडकलेलं कार्ड मग अडकलेलंच उठतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं, म्हणून "रीस्टार्ट केलं की येतं".

मशीन बंद करा, प्लग भिंतीतून काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा जोडा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून तेच करा. याने कार्ड परत आलं तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन, पॉवर बटणाने काय व्हावं ते ठरवायच्या पानावर, फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. मशीन सुरू व्हायला थोडे सेकंद जास्त लागतील, तेवढं चालवून घ्या.

५. शेजारचा यूएसबी

यूएसबी ३ ची जोडणी चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते. हा तर्क नाही, इंटेलने २०१२ मध्येच याचं मोजमाप करून कागदपत्र प्रसिद्ध केलं होतं. वायफायचा जुना पट्टा नेमका तोच. त्यामुळे छोटा वायफाय डोंगल (यूएसबीत खोचायचं वायफाय कार्ड) निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टमध्ये आणि त्याला खेटून हार्ड डिस्क, ही मांडणी म्हणजे हमखास तक्रार. हार्ड डिस्कवर मोठी फाइल टाकताना वायफाय तुटतं का ते बघा.

डोंगल असेल तर तो यूएसबी २ च्या पोर्टात लावा, शक्यतो यूएसबी एक्स्टेन्शन वायरने कॅबिनेटपासून हातभर दूर. नखाएवढे डोंगल गरमही फार होतात, वायरीवर बाहेर काढल्याने तेही कमी होतं. बिनापॉवरच्या यूएसबी हबमध्ये डोंगल लावू नका.

ब्लूटूथही त्याच २.४ च्या पट्ट्यात चालतं, आणि बहुतेक कार्डांत दोन्ही एकाच चिपवर असतात. हेडफोन जोडल्यावर वेग पडत असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, विषय संपला.

६. वीज वाचवण्याच्या सेटिंग

स्लीपनंतर नेट न येणं आणि पिंगचे हेलकावे, या दोन्हींवर हे बघायचं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अॅडॅप्टर्समध्ये आपलं वायफाय कार्ड शोधा, प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंटचा टॅब. तिथे "अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर" असं लिहिलेल्या चौकटीतली खूण काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो, तो शोधत बसू नका. शिवाय पॉवर प्लॅनच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेस (कार्ड ज्या स्लॉटमधून मदरबोर्डशी जोडतात ती जोडणी) याखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट बंद करा. डोंगल वापरत असाल तर यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही.

लिनक्सवर हीच गोष्ट वायफाय पॉवरसेव्ह या नावाने असते. नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये तिची किंमत २ केली की बंद होते. तिथे कार्ड गायब झालं तर टर्मिनलमध्ये आरएफकिल लिस्ट (rfkill list) ही आज्ञा देऊन बघा, वायफायची कळ बंद निघाली तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो.

७. राउटरची बाजू

इथे एकेक गोष्ट बदला आणि मध्ये निदान एक संध्याकाळ जाऊ द्या. एकदम पाच बदल केलेत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

सगळ्यात आधी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कना वेगवेगळी नावं द्या. एकाच नावाखाली दोन्ही असली की काही कार्ड सीमेवरच्या खोलीत सारखी इकडून तिकडे उड्या मारतात, आणि प्रत्येक उडीला नेट क्षणभर जातं. नावं वेगळी केल्यावर कॉम्प्युटरला एकालाच बांधून ठेवता येतं.

२.४ वर चॅनेल (पट्ट्यातला राउटर वापरतो तो तुकडा) ऑटो न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. २० मेगाहर्ट्झ रुंदीत एकमेकांवर न चढणारे तीन चॅनेल हेच. रुंदी २० वरच ठेवा, ४० केल्याने दाट वस्तीत तोटाच होतो. राउटर स्वतःहून १२ किंवा १३ वर गेला तर काही कार्डांना तो दिसतच नाही. "सगळ्यांची नेटवर्क दिसतात, आमचंच नाही" याचं हे एक कारण.

५ गिगाहर्ट्झवरची एक गंमत माहीत नसेल तर माणूस वेडा होतो. ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. राउटरला रडारसारखा सिग्नल जाणवला की त्याला तो चॅनेल सोडावा लागतो, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. तेवढा वेळ तुमचं ५ चं नेटवर्क हवेतून नाहीसं. फोनही तुटतो, पण तो गुपचूप २.४ वर किंवा मोबाइल डेटावर जातो आणि बोलणी कॉम्प्युटरला बसतात. चॅनेल ३६ ते ४८ मध्ये पक्का करून बघा.

कार्ड जुनं आणि राउटर नवा असेल तर आणखी दोन गोष्टी. राउटरच्या सेटिंगमधली वायफाय पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए ३ किंवा २-३ मिश्र असेल तर चाचणीपुरती फक्त डब्ल्यूपीए २ वर आणा. आणि वायफाय ६ चालू असेल तर जुन्या ड्रायव्हरवर चालणाऱ्या काही इंटेल कार्डांना ते नेटवर्क यादीत दिसतच नाही. तिथे राउटरला जुन्या पद्धतीवर आणण्यापेक्षा ड्रायव्हर नवा करणं बरं.

८. ड्रायव्हर

आधी दुसऱ्या मशीनवरून नवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा, मगच जुना काढा. नाहीतर ड्रायव्हर उतरवायला नेट नाही आणि नेट यायला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर लॅपटॉपच्या, मदरबोर्डच्या किंवा चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा. "एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट" म्हणणारी सॉफ्टवेअर टाळा, त्यांनी बसवलेला चुकीचा ड्रायव्हर काढण्यात माझा पुष्कळ वेळ गेला आहे.

त्रास एखाद्या विंडोज अपडेटनंतर सुरू झाला असेल तर नव्याच्या मागे न लागता डिव्हाइस मॅनेजरमधून "रोल बॅक ड्रायव्हर" करा. कार्डावर पिवळं त्रिकोणी चिन्ह असेल तर प्रॉपर्टीजमध्ये कोड दिसतो. कोड १० म्हणजे कार्ड सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे कार्डानेच बिघाड कळवला आणि विंडोजने त्याला थांबवलं. दोन्ही ड्रायव्हरने बरे होऊ शकतात, पण नवा ड्रायव्हर टाकूनही ४३ परत परत येत असेल तर हार्डवेअरचा संशय घट्ट होतो.

सेटिंग्जमधला नेटवर्क रीसेट मी शेवटी ठेवतो. तो साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी पुसतो. व्हीपीएन किंवा बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर आधी तो काढून बघणं जास्त शहाणपणाचं, विशेषतः "कनेक्टेड आहे पण पान उघडत नाही" या तक्रारीत.

विंडोज तुटण्याची नोंदही ठेवतं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि नेटएसएच, डब्ल्यूलॅन, शो, डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport) हे चार शब्द ओळीने द्या. मागच्या तीन दिवसांचा आलेख तयार होतो, प्रत्येक वेळी कनेक्शन का तुटलं याच्या कारणासकट. तुटण्याची वेळ दर वेळी स्लीपशी जुळते की ठरावीक तासाला येते, हे त्यात एका नजरेत कळतं.

९. दोष कार्डात की विंडोजमध्ये

कॅबिनेट उघडण्याआधी हा निकाल लावून घ्या. पेनड्राइव्हवर उबुंटूसारखं एखादं लिनक्स टाका, काही इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच मशीन सुरू करा आणि तासभर व्हिडिओ चालवा. तिथे वायफाय ठणठणीत चाललं तर कार्ड निर्दोष आहे, भानगड विंडोजच्या बाजूची. तिथेही तसंच तुटलं, किंवा कार्ड दिसलंच नाही, तर फॉरमॅट मारण्यात अर्थ नाही हे तुम्हाला फुकटात कळलं. एकच अपवाद: अगदी नवीन कार्डाला जुनं लिनक्स ओळखत नाही, तेव्हा ताजी आवृत्ती घ्या.

१०. उघडणं

डेस्कटॉपचा प्लग काढा, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, कार्डाचा स्क्रू काढून ते सरळ वर ओढा. सोनेरी संपर्क मऊ कोरड्या कापडाने पुसा, स्लॉटमधली धूळ उडवा, कार्ड पुन्हा नीट दाबून बसवा. दुसरा रिकामा स्लॉट असेल तर तिथे लावून बघा. लहान पीसीआय एक्सप्रेस कार्ड लांब स्लॉटमध्येही चालतं. ग्राफिक्स कार्डाला चिकटलेल्या स्लॉटमध्ये वायफाय कार्ड तापतं, आणि गेम सुरू केल्यावर काही वेळाने तुटण्याची तक्रार असेल तर जागा बदलण्याने फरक पडतो.

लॅपटॉपमध्ये आणि मदरबोर्डवरच्या एम डॉट टू (M.2 या छोट्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या) कार्डांत दोन बारीक अँटेना वायरी टिचकी बटणासारख्या बसवलेल्या असतात. एक निसटली तर कार्ड जवळून चालतं, लांबून तुटतं. ती कनेक्टरं वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनवलेलीच नाहीत, म्हणून सरळ वरून, हलक्या हाताने, एकदाच.

कार्ड बदलायचंच झालं तर

एम डॉट टू स्लॉट दिसायला सारखे असले तरी सगळे एक नाहीत. एसएसडीच्या स्लॉटची खाच वेगळी, वायफायची वेगळी, तिथे ई किंवा ए कीचं (त्या खाचेला जुळणारं) कार्ड लागतं. त्याहून फसवा प्रकार इंटेलच्या एएक्स२०१ आणि एएक्स२११ यांचा. ही कार्ड अर्धीच असतात, उरलेलं काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं. ती एएमडीच्या मशीनमध्ये किंवा जुन्या इंटेलमध्ये चालणारच नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० स्वतंत्र आहेत. काही जुने लॅपटॉप बायोसमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधल्या) यादीबाहेरचं कार्ड लावलं की सुरूच होत नाहीत, तेव्हा आपल्या मॉडेलबद्दल आधी शोध घ्या. डेस्कटॉपच्या कार्डाचं ब्लूटूथ चालायला त्याची छोटी वायर मदरबोर्डच्या यूएसबी हेडरला जोडावी लागते. ती न जोडता "ब्लूटूथ मेलं" म्हणून कार्ड परत करू नका.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आलेला किंवा तळ उचललेला वाटला, तर एकही स्क्रू फिरवू नका. मशीन बंद करा, चार्जिंग थांबवा आणि दुरुस्तीवाल्याकडे द्या. जळका वास किंवा स्लॉटपाशी काळा डाग असेल तरी तेच. अँटेनाचं कनेक्टर कार्डावरून उखडलं तर घरी सोल्डरिंग करण्याचा प्रयत्न नको, नवीन कार्ड स्वस्त पडतं. दुसरं, चांगलं चालतं हे माहीत असलेलं कार्डही त्याच स्लॉटमध्ये दिसत नसेल तर दोष मदरबोर्डचा आहे, आणि तो घरी सुटत नाही. वॉरंटी चालू असेल तर पायरी १० करूच नका.

दुरुस्तीला देताना वायफायचा रिपोर्ट, कोड क्रमांक आणि लिनक्सवर काय झालं ते कागदावर लिहून द्या. नाहीतर तिथेही पहिला उपाय फॉरमॅटच असेल.

तोपर्यंत, आणि डेस्कटॉप एका जागेवरून हलणारच नसेल तर कायमचंच, राउटरपासून लॅनची वायर ओढा. वायर नेणं शक्यच नसेल तर एक्स्टेन्शन वायरीवर लावलेला यूएसबी डोंगल मदरबोर्डच्या दुरुस्तीपेक्षा केव्हाही स्वस्त पडतो.